तिसरं कडवं

मला हे नीट आठवतंय का, याची खात्री नाही. अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या वर्षांतली गोष्ट. आमचे भजनीबुवा अख्खं पद एकट्याला शिकवत नसत. चौघांना एकेक कडवं देत आणि ते दुसऱ्याला न देण्याची शपथ घालत. म्हणजे शिकवणीला कोणी दांडी मारणार नाही.

बुवा वारले आणि त्यांचं शेवटचं पद आम्हा चौघांत उरलं. तिसरं कडवं गणू माळ्याकडे होतं. वांग्यांचा मळा मोडून त्याने कापूस पेरला होता आणि आता तो कापसाच्या गाड्या घेऊन दूरच्या बाजाराला निघाला होता.

मी म्हणालो, "गणूभाऊ, कडवं तेवढं सांगून जा."

"कावून? मी काय मरून राहिलो? बुवाची शपथ हाये. कडवं काय पयून जाते?"

वाटेतच तो पटकीने गेला. बुवांच्या पुण्यतिथीला आम्ही ते पद म्हटलं. तिसऱ्या कडव्याच्या जागी नुसते टाळ वाजले. कोणी मान वर केली नाही.

पुष्कळ वर्षांनी अकोल्यात त्याच्या सोबतचा गाडीवान भेटला. मी विचारलं, "शेवटी काही बोलला का?"

"कडवंच म्हनून राहिला होता, मास्तर. मले म्हने, शिकून घे, अमरावतीले पोचव."

"मग?"

"त्याचा दम पुरला नाही. मले अर्धंच भेटलं, अन् आता तेही आठोत नाही."