हिरवा पडलेला फिरोजा

साबण? साबणाचं नाव काढू नका माझ्यासमोर! अंगठी अडकली की साबण लावायचा, हे काय मला ठाऊक नाही? साबण लावून झाला, बर्फ लावून झाला, खालच्या मजल्यावरच्या मेकॅनिकने गाडीचं ग्रीस आणून चोपडलं, आणि मावशीने तर, तुम्हाला सांगतो, माझ्या छातीवर पाय ठेवायचा तेवढा बाकी ठेवला आणि अशी ओढली, अशी ओढली, की करंगळीच गेली असती तिच्या घरी… आणि हा हात मी असा हवेत धरून का उभा आहे, तेही विचारू नका. सांगतो. सगळं सांगतो. फक्त एक आधी ध्यानात घ्या. मी घाबरत नाही. अजिबात नाही.

तर ही अंगठी. चांदीची, आणि मधे हा खडा. याला म्हणतात फिरोजा. बघितलात? हिरवट, शेवाळ धरल्यासारखा. मुळात तो असा नव्हता हो! ताईने घेतला तेव्हा निळा होता, स्वच्छ आभाळासारखा निळा. रस्त्याच्या कडेला एकजण पेटी उघडून बसायचा, त्याच्याकडून तिने स्वतःच्या पगारातून घेतला. तो माणूस तिला सांगत होता, "बाई, हा संकटापासून वाचवतो, हा घोड्यावरून पडू देत नाही." आणि ताई म्हणाली, "घोडा केवढ्याला आहे?" तशीच होती ती. कशाचं काही वाटायचं नाही तिला. रंग आवडला, घेतला, बास. मला मात्र लहानपणापासून सगळ्याचंच वाटायचं. पालीचं, इंजेक्शनचं, लिफ्टचं. मला ती ससा म्हणायची. चारचौघांत! "ए सशा, दार लाव." "ए सशा, जेवलास का?" पंचविशीला आलेला माणूस मी, मिशी आहे मला, आणि ससा!

आता ताई नाही.

ताप आला म्हणून नेली. साधा ताप. माझ्याशी भांडत भांडत रिक्षात बसली की चप्पल कुठली घालू म्हणून. आणि मग… नाही, ते राहू दे. मी अंगठीचं सांगतोय. हॉस्पिटलच्या खिडकीशी नर्सने मला तिचं सामान दिलं. एक पिशवी, तिच्या चपला, आणि कागदाच्या पुडीत ही अंगठी. म्हणाली, "इथे सही करा." आता सांगा, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चपला, चपला खाली ठेवा म्हटलं तर ठेववेनात मला, पेन धरायचं कुठे? मग मी पुडी सोडली आणि अंगठी घातली करंगळीत. एका मिनिटापुरती! सही होईपर्यंत! सही झाली, मी अंगठी काढायला गेलो, आणि निघेना.

तरी म्हटलं असू दे. मी काही घाबरलो नाही.

घाबरवलं मावशीने. भेटायला आली, आईच्या गळ्यात पडून रडली, मलाही जवळ घेतलं, माझा हात हातात धरला, आणि रडता रडता तिचं रडणंच थांबलं. "अगंबाई! हा हिरवा पडला?" आई म्हणाली, "काय?" "अगं फिरोजा हा! माणसाच्या जिवावर बेतणार असलं की आधी हिरवा पडतो! हा सांगत होता गं तुम्हाला! कोणी बघितलं नाही का?" आणि वळली ती माझ्याकडे. "आणि तू हा घातलास? अरे, गेलेल्या माणसाचा हिरवा पडलेला फिरोजा? काढ! आत्ताच्या आत्ता काढ!" आणि मग ती ओढाओढ.

आणि आई? नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली. त्या दिवसापासून ती माझ्या तोंडाकडे बघून बोलेनाशीच झाली. माझ्याशी बोलायची ती करंगळीकडे बघून. "जेवायला वाढू?" करंगळीला विचारायची!

म्हणून मी गेलो खडेवाल्या काकांकडे. आमच्या समोरच राहतात. विकत नाहीत हो, नुसते घालतात. दोन्ही हातांची बोटं भरली, तेव्हा उरलेला एक गळ्यात. "हा गोमेद, राग येऊ नये म्हणून. हा लसण्या, दृष्ट लागू नये म्हणून. हा चंद्रमणी, मन शांत राहतं, झोप छान लागते." आतून काकू ओरडल्या, "झोप? घोरतात इतके की झोप मला लागत नाही!" त्यावर काका असे लाल झाले, गोमेद घातलेला हात आपटून ओरडले, "तू मधे बोलू नकोस!" मग माझ्याकडे वळून, एकदम हळू आवाजात, "बोल, काय म्हणत होतास?"

मी हात दाखवला. त्यांनी तो खिडकीशी नेला, उलटा केला, सुलटा केला आणि माझा हात मला असा परत दिला, जसा काही माझा नव्हेच. म्हणाले, "फिरोजा दोन गोष्टी करतो. संकट यायचं असेल तर रंग बदलतो. आणि संकट स्वतःवर घेतलं तर तडकतो. तडा गेला तर समज, वाचलास."

"आणि नाही गेला तर?"

काका म्हणाले, "चहा घेतोस का?"

आता मला सांगा, तुम्ही शिकलेली माणसं आहात, मी शाळेत फार दिवस टिकलो नाही, पण मला हे कळत नाही. हा रंग बदलून सांगणार, बरोबर? पण हा तर आधीच हिरवा आहे! ताईच्या वेळचा भोंगा अजून वाजतोय, मग माझा वाजला हे मला कळणार कसं? आणखी हिरवा होणार? किती हिरवा? पालक? पोपट? कुठला हिरवा झाला की मी आडवं व्हायचं?

मी घाबरलो नाही. फक्त हात खिशात घालून ठेवला.

पण खिशात हात घालून पोट भरतं का? माझं काम काय, तर पडदे बसवायचं. लोकांच्या घरी जायचं, शिडीवर चढायचं, भिंतीला ड्रिलने भोकं पाडायची, दांडा लावायचा. म्हणजे उंची आली, वीज आली, फिरतं टोक आलं. जिवावर बेतायला आणखी काय लागतं? मी एक पायरी चढायचो आणि खडा बघायचो. दुसरी चढायचो, खडा बघायचो. मालक खालून ओरडायचा, "अरे, तू पडदे लावायला आलायस का शिडीशी लग्न लावायला? चढ ना!" म्हटलं, "मालक, जरा बॅटरी मारा इकडे, हा कालच्यापेक्षा गडद वाटतोय का?" मालक म्हणाला, "पडदा?" म्हटलं, "नाही, मी."

आणि रंगाचं तरी नक्की सांगता येतं का? ट्यूबलाइटखाली वेगळा, उन्हात वेगळा. एका बाईंच्या घरी निळे पडदे लावायचे होते, मी करंगळी पडद्यावर ठेवली तर खडा हिरवागार! म्हटलं, संपलो! आतल्या खोलीतला पडदा हिरवा, त्यावर ठेवली तर खडा निळा! जीव परत आला. मग मी हॉलमधून आत, आतून हॉलमध्ये, करंगळी टेकवत नुसता पळतोय, आणि त्या बाई मागून म्हणतायत, "अय्या, किती मन लावून काम करतो हा! तुम्हाला कुठला आवडला?" म्हटलं, "बाई, आतला. आतल्यात मी जगतो."

त्या रात्री नाही, त्या रात्री काही झालं नाही, झालं ते सकाळी. मी गाडी काढत होतो आणि आई दारात आडवी उभी राहिली. "गाडीवर जायचं नाही." म्हटलं, "अगं, उशीर होतोय." "चालत जा." "एवढं लांब?" आणि मग ती पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलली. "मला आता एकच उरलायस. ती अंगठी कापून आण. आज. कापल्याशिवाय घरी येऊ नकोस."

गेलो. चालत. पूर्ण रस्ता भिंतीच्या कडेने.

सोनार म्हणजे, तुम्हाला सांगतो, एका डोळ्याला भिंग लावलेला माणूस. भिंग काढतच नाही. एक डोळा मुंगीएवढा आणि एक बशीएवढा, आणि त्या बशीने तो माझ्याकडे बघतोय. त्याने ड्रॉवरमधून छोटीशी गोल करवत काढली. मी हात मागे घेतला. "काय झालं?" "काही नाही." पुन्हा हात दिला, पुन्हा मागे घेतला. "अरे, बोट नाही कापणार, अंगठी कापणार!" म्हटलं, "तेच तर." तो म्हणाला, "तेच तर म्हणजे काय?" आता म्हणजे काय ते मलाही माहीत नव्हतं हो! दोन महिने मी ही अंगठी निघावी म्हणून जीव टाकत होतो, आणि आता करवत बघितल्यावर माझ्या तोंडून निघालं, "तिला लागेल."

सोनाराने करवत ठेवली. बारीक दोरा घेतला, अंगठीखालून ओवला, करंगळीला गच्च गुंडाळला आणि उलट्या बाजूने सोडवत आणला, आणि अंगठी आली की हो हळूहळू फिरत बाहेर! एवढंच होतं! मावशीने उगाच खांदा निखळवला माझा. आणि माझं बोट इतकं हलकं झालं, इतकं रिकामं झालं, की मी काउंटर धरला. मी घाबरलो नाही. उभं राहवत नव्हतं, एवढंच.

सोनाराने खडा भिंगाखाली धरला. "कोण घालायचं?"

"ताई."

"काय करायची?"

म्हटलं, "पार्लरमध्ये होती. मालिश करायची. डोक्याला तेल लावायची लोकांच्या. दिवसभर."

"मग बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"तेल प्यायलाय हा."

"कोण?"

"खडा! फिरोजा असतोच असा. बारीक छिद्रं असतात याला, जे लागेल ते पितो. तेल, क्रीम, घाम. निळा असतो तो पिऊन पिऊन हिरवा होतो. यात संकट नाही आणि बिंकट नाही. ही तुझ्या बहिणीच्या हाताची कमाई आहे."

आणि मला एकदम आठवलं. हा हिरवा व्हायला लागला तेव्हा ताईने स्वतःच दाखवला होता मला, हसत हसत. "बघ रे सशा, फुकटात दुसरी अंगठी आली!" बघितलं होतं की आम्ही. सगळ्यांनी बघितलं होतं. चांगली ठणठणीत होती तेव्हा, चप्पल फेकून मारायची मला, नेम धरून.

मी विचारलं, "धुतलं तर जातं?"

"नाही जात. मुरलंय आतपर्यंत. त्यापेक्षा हा काढून फेक, मी तुला नवा निळा बसवून…" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी अशी झडप घातली, अशी घातली, की त्याचं भिंग उडालं! अंगठी करंगळीत गच्च बसवली परत. सोनार म्हणाला, "अरे, आत्ताच तर काढली!" भिंग शोधून त्याने पुन्हा डोळ्याला लावलं आणि म्हणाला, "घाल बाबा. पण हा प्यायचा थांबलेला नाही, हे लक्षात ठेव. आता तुझा घाम पिणार, साबण पिणार, भिंतीची धूळ पिणार. मग त्यात तिचं किती नि तुझं किती, कळायचं नाही. हे कडेला काळं काय आहे?"

"ग्रीस."

"तेही प्यायलाय थोडं."

म्हणजे बघा! ताईच्या तेलात खालच्या मेकॅनिकची गाडी गेली!

घरी आलो. आई दारातच. "कापली?" मी एका दमात सगळं सांगितलं. तेल, छिद्रं, मुरलंय, धुवून जात नाही. आई ऐकत होती. मग तिने माझा हात धरला आणि करंगळी नाकाशी नेली. डोळे मिटले. मग म्हणाली, "बदामाचं." आणि माझ्या नाकाशी धरली. "येतोय ना वास?"

मला नुसता चांदीचा आणि ग्रीसचा वास आला, तुम्हाला खरं सांगतो. पण मी म्हणालो, "येतोय."

आणि तिथून माझे हाल सुरू झाले! जी बाई अंगठी कापून आण म्हणत होती, ती आता काठी घेऊन पहारा देते. "साबण लावू नकोस त्या हाताला!" "भांड्यांना हात लावू नकोस!" आंघोळ करतो तो हा हात वर करून, बसमध्ये दांडा धरल्यासारखा. मावशी आली, म्हणाली, "काढली का रे?" तर आईने तिलाच बाहेर काढली. कामावर मी एकाच हातात हातमोजा घालतो, मालक म्हणतो, "आता हे काय?" म्हटलं, "मालक, तुम्ही शिडी धरा."

आणि सगळ्यात वाईट म्हणजे घाम. मला घाम कधी येतो? घाबरलो की. लिफ्टमध्ये शिरलो, शिडी हलली, अंगाजवळून ट्रक गेला, की पहिला तळहात भिजतो. आणि घाम आला की हा पिणार. हा माझा प्यायला की तिचं पुसत जाणार. खिशात हात घालायची सोय नाही, खिशात जास्तच येतो. म्हणून हा हात असा, बाहेर, वाऱ्यावर.

ताई जन्मभर सांगायची, "सशा, घाबरत जाऊ नकोस रे." कधी ऐकलं नाही मी तिचं. आता, तुम्हाला सांगतो, मी घाबरत नाही.

घाबरायची सोयच ठेवली नाही तिने.