कोबेच्या उंबऱ्यावर पाय धुतले ते

जपानात मी अख्ख्या बोटीची शोभा केली, असं बुरोंडीचा सारंग सांगत फिरतो ना? आम्हा खलाशांचा मुकादमच तो, तुम्ही त्याचं ऐकणारच. पण तो अर्धंच सांगतो. चहा घ्या, उरलेलं मी सांगतो.

कोबेला बोट दुरुस्तीला लागली, म्हणून कंपनीनं आम्हाला शहरातल्या मोठ्या हॉटेलात उतरवलं. दारापासूनच लाल गालिचा. सारंग गोदीच्या चिखलानं भरलेल्या बुटांनिशी तरातरा आत गेला. मी वहाणा काढून पायरीवरच थांबलो.

"चल ना रे!"

"पाय धुवायला पाणी कुठाय?"

"हे काय तुझं घर आहे?"

"नसू दे. मिरकरवाड्यात आई मला पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाही. मग लोकांचा कसा ओलांडू?"

हॉटेलचा कारकून हातवारे करून आत बोलावतोय, मी मान हलवतोय. शेवटी झाडलोट करणारी एक म्हातारी आली. माझ्या पायांकडे बघून खुदकन हसली आणि लाकडी बादलीत कोमट पाणी घेऊन आली. खाली बसून माझे पायच धुवायला लागली! मी पाय मागे घेतले, तिला नमस्कार केला आणि माझे मीच धुतले. म्हातारी कमरेत वाकली. मागोमाग कारकूनही वाकला.

आता सारंग सांगत नाही ते ऐका. गालिच्यावरच्या आपल्या चिखलाच्या पावलांकडे त्यानं एकदा पाहिलं, मुकाट्यानं बाहेर आला, बूट काढले आणि मला म्हणाला, "सरक जरा. मलाही घरात यायचंय."