सासूबाईंची उडी आणि माझा पाय

...नाही, पण मी म्हणतो, गाडी ही काय उडवायची वस्तू आहे का हो? तुम्हीच सांगा! चार चाकं दिलीत तिला, चार! पंख दिलेत का? नाही ना दिले? म्हणजे ज्याने कुणी ती पहिल्यांदा बनवली त्याच्या डोक्यात काहीतरी असेल ना, की बाबा, ही जमिनीवर चालेल! आणि माझ्या घरात... अहो, ज्या माणसाने सव्वीस वर्षं लोकांना गाडी जमिनीवर कशी ठेवायची हे शिकवलं, त्याच्या घरात जेवताना चर्चा काय? तर लांब उडीसाठी कुठली गाडी बरी!

तुम्हाला सांगतो, मी ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर. शिकणारा बसतो स्टिअरिंगवर, मी शेजारी, आणि माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक. समोरून दुधाचा ट्रक आला की शिकणारा काय करतो माहितीये? डोळे मिटतो, दोन्ही हात सोडतो आणि आईला हाक मारतो. आणि मी? मी नुसता पाय दाबतो. बोलता बोलता दाबतो, शिंकता शिंकता दाबतो. झोपेतसुद्धा दाबतो, पलंगाच्या पायथ्याची फळी सैल झालीये, विचारा आमच्या हिला. ह्या एका पायामुळे किती माणसं आज हातीपायी धड फिरतायत... पण कुणाला किंमत आहे का?

तर झालं असं, की सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. आल्या आमच्याकडे, येऊ देत, माझं काही म्हणणं नाही. पण त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेव्हणा, आईला स्वतःकडे ठेवणार नाही, मात्र आईचा वेळ जावा म्हणून पाठवलं काय? पुस्तकं? लोकर-सुया? नाही! गाड्यांचा गेम! वर टेबलाला लावायचं स्टिअरिंग, खाली पायात दोन पेडलं, एक रेस द्यायचं, एक ब्रेकचं. फोनवर मला म्हणतो कसा, "दाजी, ह्यात अख्खा मुलूख आहे, डोंगर, शेतं, शहर, धरण. शर्यत लावायची तर लावा, नाहीतर मनाला येईल तिकडे हिंडा!" मी म्हटलं वा, हिंडू देत की. सिग्नल पाळा, इंडिकेटर द्या, हिंडा!

पण छे! त्या मुलखात म्हणे जागोजागी चढ बांधून ठेवलेत. गाडी भन्नाट पळवत आणायची आणि चढावरून सोडायची हवेत... मग आकडा येतो, इतके मीटर उडी! गाडी उलटी पडली तर धरत नाहीत, चार चाकांवर उतरलं पाहिजे. आणि सासूबाईंनी, ज्यांनी जन्मात कधी सायकल चालवली नाही त्यांनी, धरणावरून मारली किती? दोनशे बारा मीटर! आता ह्याच्यामागची मेख ऐका. बाईंचा एक पाय प्लास्टरमध्ये. उरला एक, तो रेसवर. म्हणजे ब्रेकला पायच नाही! मी हे त्यांना स्वच्छ बोलून दाखवलं, तर काय म्हणतात, "बरंच झालं की जावईबापू, मध्ये लुडबुड नाही." लुडबुड! ब्रेकला लुडबुड! गाडी ही काय उडवायची वस्तू आहे का हो?

आणि मग सुरू झाल्या त्यांच्या चर्चा. फोन स्पीकरवर, मेव्हणा ओरडतोय, "आई, सगळ्यात वेगवान घे, वेग म्हणजे उडी!" सासूबाई भाताचा घास थांबवून म्हणतात, "अरे, ती चपटी असते. चढावर पोट घासतं तिचं, सगळा वेग तिथेच संपतो. शिवाय मागे ती आडवी फळी, ती गाडीला खाली दाबायला असते. उडायला निघालेल्याला फळी कशाला?" त्यावर आमची ही, "आणि इंजिन पुढे असलं की हवेत नाक खाली जातं, नाही का गं आई?"

मी ताटावरून उठायचाच बाकी होतो! इंजिन कुठे असतं हे हिला कधीपासून कळायला लागलं? आपल्या गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे मी हिला एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, "किल्ली द्याल तेव्हा बघेन." आता किल्लीचा इथे काय संबंध? लायसन्स आहे हो तिच्याकडे, मीच शिकवलंय तिला! पण लायसन्स वेगळं आणि रस्ता वेगळा. किल्ली माझ्या खिशात असते, झोपताना उशीखाली असते. काळजी म्हणतात ह्याला, काळजी!

तर ही म्हणाली, "मंगळवारी आईचं प्लास्टर काढायचंय. तुमचे सकाळचे क्लास. मी नेते गाडीने." मी म्हटलं, रिक्षाने ने. "प्लास्टरचा पाय रिक्षात मावत नाही." मी म्हटलं, मग मीच येतो, क्लास बुडवतो. आता बघा हं, इथे सासूबाई बोलल्या. शांतपणे. ताक पीत. "जावईबापू, एवढे मास्तर आहात, तर माझा आकडा मोडून दाखवा. मोडलात तर किल्ली तुमची, ती मी पुन्हा तिला मागू देणार नाही. नाही मोडलात तर मंगळवारपासून किल्ली तिच्याकडे."

सव्वीस वर्षं, अहो! सव्वीस! माझ्या तोंडून काय निघावं? "मंजूर!"

मग लागलो गाडी निवडायला. आमच्या मेकॅनिकला विचारलं, उडीसाठी गाडी कुठली घ्यावी? त्याने आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. मग कळल्यावर पाना टाकून तासभर बोलत बसला, "सर, स्प्रिंग लांब बघा! खाली आपटल्यावर झेलणारी पाहिजे!" एक शिकाऊ बाई, बँकेत मॅनेजर, रस्त्यावर कधी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, ती म्हणते, "सर, ट्रक घ्या, वजनाला जोर असतो." घेतला ट्रक. चढावरून असा पडला, जसं कपाट जिन्यावरून सुटावं. पिवळी चपटी घेतली, तिचं खरंच पोट घासलं. जीप घेतली, हवेत कोलांटी मारून पाय वर! आणि प्रत्येक वेळी पाठीमागून सासूबाई, "अहो, त्या सिग्नलला का थांबलात?" लाल आहे! "पण रस्त्यावर चिटपाखरू नाही." नियम म्हणजे नियम! "आणि हॉर्न कुणाला देताय?" वळण आहे! वळणावर द्यायचा असतो!

शेवटी सापडली. बुटकी, रुंद, चारही चाकांना जोर, इंजिन मधोमध म्हणजे नाक खाली नाही आणि शेपूटही खाली नाही, मागची फळी मी काढून टाकली, स्प्रिंग लांब, टायर जाड. सासूबाईंनी चष्मा लावून तिला चहूबाजूंनी फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "गाडी चांगली निवडलीत हो. मी पण हेच बघते, तोल आहे का आणि पडल्यावर उभी राहते का." मग थोडं थांबून, "जावई बघताना घाई झाली."

बोला! ऐकून घेतलं. का? तर किल्ली!

सोमवारी संध्याकाळी बसलो. ही शेजारी, सासूबाई आरामखुर्चीत पाय स्टुलावर ठेवून, मेव्हणा स्पीकरवर. आरसे बघितले. इंडिकेटर दिला. निघालो... आणि काय गाडी हो! काय गाडी! लोण्यासारखी! रस्ता मागे पडतोय, झाडं मागे पडतायत, धरण समोर, चढ सुरू, स्पीकरमधून "दाबा, दाजी, दाबा!", ही माझा दंड घट्ट धरून बसलेली, माझा माझ्यावर विश्वास बसेना, मी, मी अशा वेगात, पुढे नुसतं आभाळ... आणि आकडा मोडणार, शंभर टक्के मोडणार, गाडीच तशी होती...

आणि पाय दाबला गेला.

मी नाही दाबला! शप्पथ! पाय आपला आपण गेला, रेसवरून उचलला आणि ब्रेकवर! गाडी थांबली कुठे, सांगू? बरोब्बर कडेवर. पुढच्या चाकांच्या वीतभर पुढे दरी, पण चाकं आत. एवढा सुंदर ब्रेक लायसन्सच्या परीक्षेत कुणी मारला असता तर साहेबाने उठून हात मिळवला असता! आकडा आला. शून्य मीटर.

पुन्हा एकदा म्हटलं, दिली त्यांनी संधी, नाही म्हणत नाही. पुन्हा कडेवर. तिसऱ्यांदा तर हँडब्रेकसुद्धा ओढला. स्पीकरवर मेव्हणा हळूच म्हणाला, "दाजी... गाडी मात्र चांगली होती." हिने नुसता हात पुढे केला. आणि मी खिशातून किल्ली काढून दिली. काय करणार? शब्द म्हणजे शब्द.

मंगळवारी ही स्टिअरिंगवर, सासूबाई मागे आडव्या, मी शेजारी. क्लास बुडवून! आणि तुम्हाला सांगतो, मी वाट बघत होतो, एक चूक कर, एकच... आरसा बघितला. इंडिकेटर दिला. लालला थांबली, पांढऱ्या रेषेच्या आत. समोरून दुधाचा ट्रक आला तर डोळे मिटले का? मिटले मी! तिने आपली गाडी अलगद बाजूला घेतली आणि म्हणाली, "अहो, डोळे उघडा, गेला तो." आणि ही घरची गाडी ना, हिला माझ्या बाजूला ब्रेक नाही! म्हणजे जाऊन येईपर्यंत मी पायाखालची चटई दाबतोय. भोक पडलंय चटईला. दवाखान्यात डॉक्टर सासूबाईंचा पाय बघायचं सोडून मला विचारतोय, "तुम्ही का लंगडताय?"

राग त्याचाच येतो हो. चांगली चालवते ती. इतकी वर्षं उशीखाली किल्ली घेऊन मान अवघडली ती माझी, आणि चालवते ती चांगली! आता भाजीला जाते, बहिणीकडे जाते, परवा मलाच क्लासवर सोडलं. उतरताना म्हणते, "सांभाळून."

आणि एवढ्यावर भागलं असं वाटतं तुम्हाला? सासूबाईंचं प्लास्टर निघालं, पाय मोकळा झाला, तर त्यांनी काय मनावर घ्यावं? लायसन्स! म्हणतात, "एवढा मुलूख घरात बसून हिंडले, आता बाहेरचा बघते. शिकवणारा घरचाच आहे." मी म्हटलं बरं. म्हटलं निदान स्कूलच्या गाडीत माझ्या पायाखाली ब्रेक तरी आहे. काल नेऊन बसवलं स्टिअरिंगवर, पट्टा लावला, म्हटलं काही शंका असली तर आत्ताच विचारा. तर खाली वाकल्या, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "जावईबापू, ह्यातला ब्रेक कुठला हो? आजवर कधी गरज नाही पडली."

उद्या सकाळी पहिला धडा आहे. तुम्ही आपले घरातच थांबा.