जुलाब थांबले त्याचं कारण

पोटविकारांच्या वॉर्डाबाहेर बाई नवऱ्याच्या तपासणीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक बहीण-भाऊ येऊन टेकले, आणि बहिणीचा आवाज लगेच चढला.

“डॉक्टरांना चोरून बाबांना जुलाब थांबवायची गोळी दिलीस?”

“रात्रंदिवस भांडं मी देतोय, ताई. तू येतेस तासाभरासाठी.”

“म्हणून बूच मारलंस? अरे, जंतूंचं विष आतड्याचं अस्तर सोलतंय. ते बाहेर पडत होतं, ते तू आत कोंडलंस!”

“विषालाच कशाला दोष? आपल्याच पांढऱ्या पेशी सूज आणतात म्हणे.”

“जंतूंवर धावून आल्यात त्या. त्या मारामारीत अस्तरही फाटतंय. पोट बघितलंस, कसं टम्म फुगलंय?”

“बघितलं.”

“आणि डॉक्टर म्हणतायत, जुलाब थांबले, उद्या घरी न्या! मूग गिळून काय बसलास? गोळीचं सांग त्यांना.”

“फाडून खातील मला.”

“खाऊ देत! बाबा गेल्यावर सांगणार आहेस?”

बाई नकळत बाकाच्या टोकाला सरकल्या. भाऊ उठला, दारापर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला.

“ताई, तू ये ना बरोबर.”

“येते. पण बोलायचं तू.”