बेवारस काळ्याचा अर्ज

मोकाट कुत्र्यांचं म्हणाल, तर एकदा मीच कार्पोरेशनात अर्ज दिला होता. आमच्या गल्लीतला काळ्या रोज माझ्या सायकलमागे भुंकत धावायचा.

आठ दिवसांनी कुत्री पकडणारी गाडी आली. चिमटा दिसताच काळ्या जो पळाला, तो थेट माझ्या पायांमागे येऊन लपला.

चिमटेवाल्याने विचारलं, "साहेब, तुमचा हाये का हा?"

मी खाली वाकून काळ्याकडे पाहिलं.

"तुमचा असन तं गळ्यात पट्टा पायजे. बिनापट्ट्याचं कुत्रं मले न्याच लागते."

मी कमरेचा पट्टा काढून काळ्याच्या गळ्यात बांधला आणि एका हाताने पँट धरून उभा राहिलो.

अर्जात त्याला बेवारस मीच लिहिलं होतं. काळ्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं.