भिवंडीची शेवटची गाडी

तुम्ही हसाल, पण आमची सहल ठिकाण बघून नाही, परतीची गाडी बघून ठरायची. मी कामाला असलेल्या कापडाच्या लूमला सुट्टी शुक्रवारची आणि शनिवारी सकाळी माझी ड्युटी, त्यामुळे भिवंडीची शेवटची गाडी चुकवून चालायचं नाही.

एकदा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बायको म्हणाली, "अहो, थोडं थांबू या ना. सूर्य समुद्रात बुडताना मी कधी बघितलाच नाही."

"गाडी काय तुझ्या सूर्यासाठी थांबणार आहे?" असं म्हणत, नव्या मोबाइलवर वेळ दाखवत, मी तिला ओढतच स्टँडवर आणली.

गाडी तासभर आलीच नाही.

समोरच्या भिंतीकडे बघत ती हळूच म्हणाली, "आता बुडाला असेल, नाही?"