गाल फुगवा, काका

काका: मशीन कशाला काढतोस? वस्तरा घे. घरी बायको मशीनच फिरवते, गवत कापल्यासारखं.

सलूनवाला: वस्तरा नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना तुमची? जरा कुठे लागलं तर रक्त लवकर थांबायचं नाही.

काका: त्याची सोय केलीय मी. कालची घेतली नाही, आजचीही नाही. बघ, दोन्ही खिशात. चालव बिनधास्त!

सलूनवाला: काका! काकूंना माहितीये?

काका: तिच्यासमोर पाणी प्यायलो. गोळी मुठीत.

सलूनवाला: लहान पोरं परवडली! मेंदूत गुठळी अडकली होती तुमच्या. पुन्हा होऊ नये म्हणून ती गोळी. दाढी काय, उद्या परत उगवेल. तुम्ही उगवणार आहात का?

काका: चिडू नकोस रे. तुझ्यासाठीच केलं. त्या दिवशी याच खुर्चीत तू म्हणालास, गाल फुगवा. उजवा फुगेचना. दुसरा कुणी असता तर दाढी उरकून मोकळा झाला असता. तू दुकान उघडं टाकून मला फेसासकट दवाखान्यात नेलंस. वेळेत पोचलो म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं, डॉक्टरच म्हणाले. तुझे उपकार कसे फेडू? म्हटलं, राहिलेली अर्धी दाढी तुझ्याच हातून व्हावी. आणि तुझ्या हाताला धाक नको.

सलूनवाला: आणि पुन्हा गाल फुगला नाही तर? मी काकूंना कुठल्या तोंडानं... अहो, दोन्ही एकदम नका टाकू तोंडात! आधी डॉक्टरांना फोन लावा.

(काका फोनवर बोलतात. बहुतेक वेळ ऐकूनच घेतात.)

काका: आजची एकच घ्यायची. कालची भरून काढायची नाही. आणि न विचारता बंद केली म्हणून चांगलंच झापलं.

सलूनवाला: झापणारच. हे घ्या पाणी. आता मूठ उघडा. आ करा. जीभ वर.

काका: बायकोपेक्षा कडक आहेस तू.

सलूनवाला: काकूंना आज सांगायचं.

काका: सांगतो बाबा. खातो बोलणी.

सलूनवाला: पोटभर खा. आता मशीननंच, पण सावकाश करू. टेका मागे. हं, उजवा गाल फुगवा.

काका: फुगला का रे?

सलूनवाला: बोललात की हवा जाते, काका. परत फुगवा... हं. राहू द्या तसाच. जरा बघू द्या मला.